दार कुलूपबंद आढळले

कायद्याचा एक समज आहे, आणि तो ज्याने कुणी पहिल्यांदा लिहून ठेवला त्याला आयुष्यात एकदाही जिन्यात दिवा नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहावं लागलं नसणार. समज असा, की दारावर चिकटवलेला कागद म्हणजे वाचलेला कागद. घरात माणूस असो नसो, त्याला वाचता येवो न येवो, वाऱ्याने कागद उडून जावो. कोर्टाच्या बेलिफाने ‘चिकटवला’ असं लिहून दिलं, की त्या माणसाला सगळं कळलं असं धरून चालतात. मग तारखेला तो आला नाही तर समोरच्याचं एकट्याचं ऐकून निकाल लावतात. एकतर्फी निकाल म्हणतात त्याला. भांडणाला दोन बाजू लागतात आणि निकालाला एक पुरते, ही सोय बहुतेक करून लहान खोल्यांत राहणाऱ्यांच्याच वाट्याला येते.

हे कागद नेऊन देण्याचं आणि माणूस भेटला नाही तर चिकटवण्याचं काम डिंकमामा करत. बावीस वर्षं करत होते. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत समन्स, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात ब्रश. त्या डब्यामुळे गल्लीबोळांतल्या लोकांनी नाव पाडलं डिंकमामा. त्यांच्या बायकोला हे नाव मुळीच पसंत नव्हतं. “डिंक कुठला मेला? चांगली पिठाची खळ आहे ती,” असं ती जो भेटेल त्याला ऐकवायची, कारण खळ ती करायची. सकाळी चहाच्या आधी पातेलं चढायचं. पीठ, पाणी, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि दहा मिनिटं न थांबता ढवळणं. हात थांबला की गुठळी झालीच. कोर्टातून बाटलीतला गोंद मिळायचा, पण तो दमट भिंतीवर दोन दिवसांत सुटतो. बायकोच्या खळीने लावलेला कागद काढायला चाकू लागायचा.

मामा सरळमार्गी होते. दुपारी दार बंद दिसलं तर ते संध्याकाळी सहानंतर पुन्हा जायचे. “पगार दिवसाचा आणि माणसं संध्याकाळची, करायचं काय?” असं म्हणायचे. माणूस भेटला की कागद वाचून दाखवायचे. सगळा नाही, कारण तो सगळा वकिलांनाही कळत नाही. पण तारीख, मजला, कोर्टाचा नंबर, आणि “वेळेच्या आधी अर्धा तास या, पुकारा झाला आणि तुम्ही पाणी प्यायला गेलेले असलात तर गेलं सगळं,” एवढं नक्की. आणि निघताना खिशातून खडू काढून दाराच्या आतल्या बाजूला तारीख लिहायचे, मोठ्या अक्षरात, कडीच्या वर. बाहेर पडताना नजर जाईलच अशा जागी. काही बायका वसकन अंगावर यायच्या, “अहो मामा, आत्ताच पुसलंय दार!” मामा म्हणायचे, “तारीख झाली की पुन्हा पुसा.” हे खडूचं काम कुठल्याही नियमात नव्हतं. बाकीचे बेलिफ चेष्टा करायचे, “मामा, समन्स देता का शिकवणी घेता?”

मग बायको गेली.

आजार लांबला नाही. लोक म्हणाले, सुटली बिचारी. मामांना ते सुटणं काही कळलं नाही. मुलगी दुसऱ्या गावी दिलेली. ती येऊन पंधरा दिवस राहिली, डबे भरले, चादरी धुतल्या, आणि “बाबा, जेवत जा हं,” म्हणून परत गेली. मामा स्टेशनवर सोडायला गेले, हात हलवला, घरी आले. रडू येईल असं त्यांना वाटत होतं. आलं नाही. मग त्यांनी वाट बघणंही सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात ते कामावर रुजू झाले. सकाळी निघताना ओट्यावरचा डबा उघडला. आत शेवटची खळ वाळून तिला भेगा पडल्या होत्या आणि ब्रश तिच्यात उभाच्या उभा रुतून बसला होता. मामांनी ब्रश ओढला. निघाला नाही. आणखी जोर लावला असता तर निघाला असता, पण मामांनी झाकण लावलं आणि डबा तिथेच ठेवला.

त्या दिवशी नऊ कागद होते. मामा कोर्टासमोरच्या बागेत गेले आणि एका बाकावर बसले. दोनपर्यंत बसून राहिले. उठायचं, जिने चढायचे, दारं वाजवायची, हे सगळं त्यांना कुणा दुसऱ्याचं काम वाटत होतं. दोन वाजता त्यांनी पिशवीतून अहवालाचे कागद काढले आणि बावीस वर्षांत हाताला वळण पडलेली तीन वाक्यं नऊ वेळा लिहिली. “दार कुलूपबंद आढळले. शेजारी चौकशी केली असता ठावठिकाणा समजला नाही. प्रत दारावर चिकटवली.” खाली दोन साक्षीदार लागतात. बागेचा रखवालदार आणि कोपऱ्यावरचा चहावाला. दोघांनीही काय आहे ते न विचारता सह्या ठोकल्या. मामांसारखा माणूस पुढे करतोय म्हटल्यावर विचारायचं काय?

पहिल्यांदा खोटं लिहिताना माणसाच्या छातीत निदान धडधडतं. मामांना तेही झालं नाही. दारांवर लावायच्या नऊ प्रती त्यांनी घरी नेल्या आणि पलंगावर बायको झोपायची त्या बाजूला, गादीखाली सरकवल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फेकून द्यायचं मात्र त्यांच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. कधी पावसाची सर आली तर ते बसथांब्याच्या आडोशाला बसत, एरवी बाकावर. ऑफिसात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. उलट मोठे कारकून खूश होते, मामांचे अहवाल आता त्याच दिवशी हातात पडायचे. पूर्वी संध्याकाळच्या फेऱ्यांपायी दोन-दोन दिवस लागायचे. “दुःखातही माणूस कामाला पक्का आहे हो,” असं कारकून चारचौघांत म्हणाले. मामांनी ते ऐकलं आणि त्यांना काही वाटलं नाही. गादीची ती बाजू हळूहळू उंच होत गेली.

असे नऊ महिने गेले.

दुसऱ्या महिन्यात कधीतरी त्या गादीखाली एक कागद गेला होता, तो एका इस्त्रीवालीचा. ती एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, सकाळी सातला जायची, अंधार पडता पडता यायची. घरी तिची म्हातारी आई, अंथरुणाला खिळलेली. इमारत पाडून मालकाला नवी उभारायची होती आणि भाडेकरू काही हलत नव्हते. म्हणून त्याने दावा लावला होता, की ही बाई इथे राहतच नाही, खोली तिने दुसऱ्याला दिली आहे. बाई कोर्टात उभी राहून “मी ही, इथेच राहते, ही माझी आई,” एवढं म्हणाली असती तरी दावा लंगडा पडला असता. पण तिला दावा लागल्याचंच ठाऊक नव्हतं. निकाल एकतर्फी लागला. कळलं ते थेट खोलीचा ताबा घ्यायला दुसरा बेलिफ आला तेव्हा. तो भला निघाला. म्हातारीला पाहून त्याने “आज जागा मोजून घेतो फक्त,” म्हटलं आणि पंधरा दिवस दिले.

कोर्टाच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, गरिबांसाठी मोफत वकील बसतात. तिथे एक तरुण मुलगी होती; लोक तिला तोंडावर ‘मॅडम’ आणि पाठीमागे ‘फुकट वकील’ म्हणायचे. दोन्ही तिला माहीत होतं. तिने फाइल मागवली, अहवाल काढला आणि इस्त्रीवालीला वाचून दाखवला. “दार कुलूपबंद आढळले...”

इस्त्रीवाली म्हणाली, “कुठलं दार?”

“तुमच्या खोलीचं.”

“अहो मॅडम, माझ्या खोलीला दारच नाहीये.”

वकीलबाईंनी चष्मा काढला. मग त्या म्हणाल्या, “पुन्हा सांगा.”

निकाल रद्द करावा म्हणून अर्ज गेला, आणि मामांच्याच नावाने समन्स निघालं. ते दुसऱ्या कुणी आणून द्यायची गरज पडली नाही. मोठ्या कारकुनांनी टेबलावरूनच सरकवलं.

“बसा मामा. हे बघा, घाबरायचं काही कारण नाही,” कारकून म्हणाले. घाबरले होते ते स्वतः. अहवालांवर त्यांचीही सही असायची. “दार नाही, नुसता पडदा आहे म्हणतेय ती बाई. नसेल. पण चौकट तर असेल ना? दार काढलं म्हणून चौकट कुठे जाते? तुम्ही चौकटीला चिकटवला. आम्ही सवयीने ‘दार’ लिहितो, एवढंच. एक शब्द बोलायचाय तुम्हाला. चौकट.”

“आणि कुलूप?”

“कुलूप कशाला काढताय मध्येच?” कारकून चिडले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “मामा, दीड वर्ष राहिलंय तुमचं. बावीस वर्षांची नोकरी एका पडद्यापायी घालवू नका. आणि आमच्याही नरड्याला फास लावू नका.”

मामा बरं म्हणाले. त्यांना खरंच त्यात काही वावगं वाटलं नाही. चौकट. शब्द सोपा होता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. “बाबा, जेवलात का?”

“जेवलो.”

“काय केलं होतंत?”

मामांना आठवेना. खरं तर त्यांनी काही केलंच नव्हतं. “तेच आपलं,” ते म्हणाले.

“आवाज असा का येतोय तुमचा? बरं वाटत नाहीये का?”

“उद्या कोर्टात साक्ष आहे.”

“अहो, तुम्ही रोज कोर्टातच तर असता!” ती हसली. मामांनीही हसल्यासारखं केलं. फोन ठेवल्यावर ते पलंगाच्या आपल्या बाजूला आडवे झाले. दुसऱ्या बाजूच्या उंचवट्यामुळे अलीकडे त्यांना कडेलाच झोपावं लागे.

बावीस वर्षं कोर्टात काढली, पण साक्षीच्या पिंजऱ्यात मामा कधी उभे राहिले नव्हते. आज त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर सगळं उलटं दिसत होतं. रोज ज्या बाकांच्या मागे ते भिंतीला टेकून उभे राहत, ती भिंत आता समोर होती आणि तिच्यावर एका ठिकाणी टेकून टेकून तेलकट डाग पडला होता. तो आपल्याच डोक्याचा असणार, असं त्यांच्या मनात आलं. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. पंख्याचा कुरकुर आवाज येत होता.

आधी इस्त्रीवालीची साक्ष झाली. बाई सडपातळ, उजव्या हातावर भाजल्याचे जुने-नवे डाग. आवाज मात्र ठणठणीत.

“साहेब, दोन वर्षांपूर्वी मालकांनीच दार काढून नेलं. दुरुस्तीला म्हणाले. चौकटीला वाळवी लागलीय म्हणून तीही उचकटून नेली. आज आणतो, उद्या आणतो करत अजून आणतायत. तेव्हापासून मी जाड पडदा लावलाय. त्याला कुलूप कसं लावायचं ते मला माहीत नाही.”

मागच्या बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं. मोठे कारकून दाराशी उभे होते. चौकटीचं ऐकून त्यांचा चेहरा पडला.

“दिवसा घरी कोण असतं?” फुकट वकिलांनी विचारलं.

“आई असते. तिला उठता येत नाही. ती दिवसभर पडद्याकडे तोंड करून पडलेली असते. पडद्याखाली वीतभर जागा राहते, तिथून तिला येणाऱ्याचे पाय दिसतात. कोण आलं-गेलं ते मला संध्याकाळी पायांवरून सांगते. दूधवाला, शेजारीण, मीटरवाला, सगळ्यांचे पाय तिला पाठ आहेत.” बाईने पिंजऱ्याजवळ उभ्या असलेल्या मामांकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, खाली. “यांचे पाय तिने पाहिलेले नाहीत.”

मामांनीही नकळत आपल्या पायांकडे पाहिलं. चपलांचे तळवे चांगले जाड होते. पूर्वी दर पावसाळ्याआधी नवे घालावे लागायचे. ह्या वर्षी घातले नव्हते, आणि झिजलेही नव्हते.

मग त्यांचा नंबर आला. शपथ झाली. अहवाल तुमचाच का? माझाच. सही? माझीच. फुकट वकील खाली बसल्या आणि मालकाचे वकील उठले. मोठे गोड गृहस्थ. साक्षीदाराला हाताला धरून पायरी उतरवावी तसं विचारायचे.

“तुम्ही बावीस वर्षं हे काम करताय. एवढ्या दारांवर कागद लावलेत. एखाद्या वेळी दार नसलं तर बाजूच्या भिंतीवर लावता, आणि लिहिताना सवयीने ‘दारावर’ लिहिता. असं होतं ना?”

चौकट गेली होती, पण भिंत समोर आणून ठेवली होती. एक ‘हो’ म्हटलं की झालं. मामांना ते स्पष्ट समजलं. दाराशी कारकून मान हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा.

पुढे लोकांनी ह्या क्षणाच्या फार गोष्टी केल्या. मामांचा विवेक जागा झाला म्हणे, बायको डोळ्यांसमोर आली म्हणे. तसलं काही झालं नाही. खोटं रेटून न्यायलाही माणसाच्या अंगात थोडी इच्छा लागते. भिंत कुठली, रंग कसला, कागद उजवीकडे लावला का डावीकडे, पुढचे सगळे प्रश्न मामांना दिसले आणि त्यांची उत्तरं रचत बसायचा त्यांना मनस्वी कंटाळा आला. एवढंच झालं.

“मी गेलोच नव्हतो,” ते म्हणाले.

“म्हणजे त्या दिवशी...”

“कधीच नाही. बागेत बसून लिहिलं.”

न्यायाधीशांनी रुमाल खाली ठेवला. “तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?”

“हो साहेब.”

“कागद कुठे आहे मग?”

“घरी आहे. बायकोच्या गादीखाली.” आणि कुणी विचारलं नसताना ते म्हणाले, “सगळेच आहेत.”

“सगळे म्हणजे?”

“नऊ महिन्यांतले. ती गेल्यापासून मी कुठेच गेलो नाही.”

इस्त्रीवालीचा निकाल तिथल्या तिथे रद्द झाला. दावा पुन्हा पहिल्यापासून चालणार, तिला पुढची तारीख मिळाली, ताब्याचा हुकूम थांबला. मामांना निलंबित केलं. बाकीच्या कागदांबद्दल न्यायाधीशांनी एक ओळ लिहिली आणि खोडली. मग सांगितलं, की जी प्रकरणं अजून चालू आहेत त्यांत नव्याने समन्स काढा. “आणि ज्यांचे निकाल लागून गेलेत...” ते थांबले, शिंकले. “त्यांचा अर्ज आला, की बघू.”

मामा जिना उतरत असताना फुकट वकील मागून आल्या. त्या रागावल्या होत्या, पण रागाला वेळ नसल्यासारख्या भरभर बोलत होत्या.

“कळल्यापासून तीस दिवसांत अर्ज करता येतो. तुमच्या साक्षीची नक्कल जोडली तर निकाल रद्द होतील. पण अर्ज कोण करणार? खोली का गेली हेच त्यांना माहीत नाही.”

“तुमच्याकडे कुणी आलं नव्हतं?”

“आले होते ना. तिघं आले होते. तिघंही म्हणाले, कागद आलाच नाही. मी अहवाल काढला, तर अहवालात दार आणि त्यांच्या खोलीला दार. कोर्ट कुणाचं ऐकणार? मीही त्यांना म्हटलं, काही करता येणार नाही.” त्या एक पायरी वरच थांबल्या. “ह्या बाईंना दार नव्हतं म्हणून त्या वाचल्या, मामा. बाकीच्यांना दारं होती.”

मामा घरी आले. गादी उचलली. दारांवर कधी न गेलेले ते कागद दोन ढिगांत लावले. चालू असलेले एका बाजूला, ते ऑफिसात नेऊन दिले. कोर्टाची चाल संथ, म्हणून निकाल लागून गेलेले एकोणीसच उरले. मग त्यांनी पातेलं चढवलं. पीठ, पाणी, मोरचूद. हात थांबवायचा नाही हे त्यांना माहीत होतं, पण मध्येच थांबला, आणि खळीत गुठळ्या झाल्या. डब्यातला जुना ब्रश त्यांनी रात्रभर पाण्यात भिजत घातला होता. सकाळी तो सहज निघाला.

जाता जाता ते आधी इस्त्रीवालीकडे गेले. सुट्टीचा दिवस होता. पडद्याच्या जागी दार आलेलं पाहून ते चकित झाले. कुठल्याशा पाडलेल्या इमारतीतलं, चौकटीसकट आणलेलं, निळा रंग उडालेलं, वरून चार बोटं कमी.

“आणलं एकदाचं,” इस्त्रीवाली म्हणाली. “म्हटलं, पुढच्या वेळी कागद लावायला जागा तरी असू दे. पुन्हा कुणी बोलायला नको.” ती टोमणा मारत नव्हती. तिने खरोखरच त्यासाठी आणलं होतं.

मामांनी खिशातून खडू काढला आणि दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, तिची तारीख लिहिली. अंथरुणावरून म्हातारी बघत होती. दार आल्यामुळे तिला आता बाहेरचं काही दिसत नसे, म्हणून आत आलेल्याला ती नीट न्याहाळून घेई.

“हे पाय नवीन आहेत,” ती लेकीला म्हणाली.

एकोणिसांपैकी पाच जणांचा पत्ता पहिल्या आठवड्यात लागला. एक शिंपी भावाच्या घरी, व्हरांड्यात मशीन टाकून बसला होता. मामांनी सगळं सांगितलं. तो उठला आणि त्याने मामांच्या थोबाडीत मारली. गाल दिवसभर दुखला. मग त्याच शिंप्याने विचारलं, “ह्या वकीलबाई किती वाजता बसतात?” बाकीच्या चौघांपैकी दोघांनी मुकाट्याने ऐकून घेतलं, एकीने चहा दिला, एकाने दार लावून घेतलं. मामा त्याच्याकडे संध्याकाळी सहानंतर पुन्हा गेले.

एक कागद होता तो घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. चौथा मजला, जिन्यात दिवा नव्हता. मामा तीनदा थांबत वर पोचले. दाराला नवंकोरं पितळी कुलूप होतं, मालकाचं. त्यांनी कडी वाजवली. ती वाजवायची काही गरज नव्हती.

शेजारची बाई धुतलेले कपडे पिळत बाहेर आली. “कोण हवंय? ते घड्याळवाले आजोबा? त्यांना जाऊन पाच महिने झाले. म्हणजे खोली सोडून हो. दोघंही गेले, आजोबा आणि आजी.”

“कुठे गेले?”

“कुणाला ठाऊक? आधी लेकीकडे जातो म्हणाले, पण ती तर केव्हाच परदेशात. टेम्पोत सामान टाकलं आणि गेले.” तिने एक चादर झटकली. “शेवटपर्यंत घोकत होते बिचारे, आम्हाला कागद आलाच नाही, आम्हाला कागद आलाच नाही. आम्ही म्हणायचो, आजोबा, आला असेल, तुम्हीच विसरला असाल. वय झालं की होतं असं. आजीही त्यांनाच बोलायच्या, कुठे ठेवलात, आठवा म्हणून. सगळी खोली पालथी घातली दोघांनी. शेवटी शेवटी आजोबाही म्हणायला लागले, आला असेल, मीच कुठेतरी ठेवला असेल.”

पिशवीतली म्हाताऱ्याच्या समन्सची प्रत मामांनी काढली. तिच्या खालच्या कोऱ्या जागेत घरूनच लिहून आणलं होतं: “तुमचा निकाल तुम्हाला न कळवता लागला. हा कागद मी आणून दिला नव्हता.” “तुम्ही विसरला नव्हता,” हे वाक्य मात्र त्यात नव्हतं. ते त्यांनी तिथे, जिन्याच्या कठड्यावर कागद धरून, खाली लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

“अहो, पण कुणी राहत नाही तिथे,” शेजारीण म्हणाली. “कुणासाठी चिकटवताय?”

मामांनी ब्रश फिरवला. गुठळ्या बोटांनी दाबून सपाट केल्या, चारही कोपरे नीट बसवले आणि कागद सुकेपर्यंत तळहात त्यावर तसाच धरून उभे राहिले. आता कुठलाही अहवाल लिहायचा नव्हता. तरी सवयीने वाक्यं मनात जुळलीच. दार कुलूपबंद आढळले. शेजारी चौकशी केली असता ठावठिकाणा समजला नाही. प्रत दारावर चिकटवली. तिन्ही खरी होती.